शेवटचा दिवस आणि उरलेलं शहर

कुठल्याही शहराची चार दिवसांची आयटिनररी उघडून बघा. पहिले तीन दिवस किल्ला, देऊळ, मशीद, वाडे, खाऊगल्ली. चौथ्या दिवशी चेकआउट दुपारी बाराला आणि गाडी रात्रीची. मधल्या आठ-दहा तासांत काय करायचं, तर ‘आरामात शहराचा आधुनिक भाग बघा’. म्हणजे मॉल, कॅफे, नदीकाठ आणि घरच्यांसाठी खरेदी.

ही ओळ वाटते तितकी निरुपद्रवी नाही. जुनं तेवढं ‘बघायचं’ आणि नवं फक्त ‘वापरायचं’, हे ती आपल्याला शिकवते. आणि आपण जे बघत नाही, ते पाडलं जातं तेव्हा आपल्याला काहीच वाटत नाही.

मी हे अहमदाबादबद्दल बोलतोय. तिथे मीही तीन दिवस नेमाने पोळांमधून फिरलो, सिदी सय्यदची जाळी बघितली, अडालजच्या वावेत उतरलो, रात्री माणेकचौकात खाल्लं. तटबंदीच्या आतल्या या शहराला 2017 मध्ये युनेस्कोचा जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तो योग्यच आहे. चौथ्या दिवशी बॅग हॉटेलच्या काउंटरवर ठेवली आणि नदी ओलांडली.

पहिला थांबा अर्थातच रिव्हरफ्रंट. फूटपाथ रुंद, स्वच्छ, फोटो झकास येतात. अटल पुलावर तिकीट काढून गेलो, सेल्फीही काढला. पण खाली संथ पसरलेलं ते पाणी नर्मदेच्या कालव्यातून आणलेलं आहे आणि वासणा बराजने अडवून धरलेलं आहे. हे काठ बांधताना तिथल्या झोपडपट्ट्यांतली हजारो कुटुंबं उठवून शहराच्या कडेला नेली गेली. आयटिनररीत जो ‘आधुनिक भाग’ असतो तो हा. एवढंच बघून परतलो असतो, तर अहमदाबादची आधुनिकता म्हणजे गुळगुळीत फरशी, असं समजून गाडीत बसलो असतो.

तिथून आश्रम रोडला गेलो, मिल ओनर्स असोसिएशनच्या इमारतीत. ल कॉर्बुझिए यांचं काम, 1954 चं. वॉचमनने रजिस्टरमध्ये सही घेतली आणि वर जायला सांगितलं. रस्त्यापासून एक लांब उतार तुम्हाला थेट पहिल्या मजल्यावर नेतो. रस्त्याकडची बाजू पश्चिमेची, म्हणून तिथले काँक्रीटचे उभे पडदे तिरपे लावलेत. त्यांनी दुपारचं ऊन अडतं. नदीकडचे पडदे सरळ आहेत, कारण तिकडून वारा आत यायला हवा. अर्धा तास मी तिथे एकटा होतो. एसी नव्हता आणि त्याची आठवणही आली नाही.

याच शहरात अटिराची इमारत आहे. ती अच्युत कानविंदे यांनी केली, सिंधुदुर्गातल्या आचऱ्यात जन्मलेल्या माणसाने. सेप्टचा परिसर पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींचा, ज्यांना 2018 मध्ये प्रित्झ्कर पुरस्कार मिळाला. साबरमती आश्रमातलं संग्रहालय चार्ल्स कोरिया यांचं, 1963 चं. विटांचे खांब, कौलारू छप्पर, खिडक्यांना काचेऐवजी लाकडी झडपा. तिथे तर सगळेच जातात, पण गांधीजींसाठी. आपण ज्या सावलीत उभे आहोत ती कुणीतरी विचार करून बनवली आहे, हे कितीजणांच्या लक्षात येतं? माझ्या आलं नव्हतं. पहिल्या दिवशी तिथे जाऊन आलो होतो, तेव्हा इमारत दिसलीच नव्हती.

आता आयआयएम. लुई कान यांनी विटांच्या प्रचंड कमानी आणि वर्तुळं घेऊन हा परिसर उभा केला, दोशी आणि अनंत राजे यांच्या साथीने. डिसेंबर 2020 मध्ये संस्थेने तिथल्या 18 पैकी 14 वसतिगृहं पाडायचा इरादा जाहीर केला. जगभरातून आरडाओरडा झाला आणि 1 जानेवारी 2021 ला निर्णय मागे घेतला गेला. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा सांगण्यात आलं, की दुरुस्ती पुढे नेता येणार नाही, नव्याने बांधावं लागेल. दिल्लीतलं हॉल ऑफ नेशन्स तर 2017 च्या एप्रिलमध्ये पाडूनच टाकलं. वयाची पन्नाशीही गाठू दिली नाही.

संस्थेची बाजू खोटी नाही. विटा झिजल्यात, स्लॅब गळतात, भूकंपाचा धोका आहे आणि आत खरीखुरी मुलं राहतात. फोटो काढून रात्रीच्या गाडीने जाणाऱ्या माझ्यासारख्याने त्यांना गळक्या खोलीत राहा असं सांगणं हा उद्धटपणाच. पण त्याच परिसरातलं ग्रंथालय ब्रिंदा सोमय्या यांच्या फर्मने दुरुस्त केलं आणि त्या कामाला 2019 मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. म्हणजे दुरुस्ती अशक्य नव्हती. ती कठीण आणि खर्चिक होती.

माझ्या धंद्यात हे रोज दिसतं. जुना कोड समोर आला की नवीन आलेला पोरगा म्हणतो, सगळं फेकून परत लिहू. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो, की त्याने तो कोड वाचलेला नाही. मीही तो पोरगा होतो. मला विचित्र वाटलेली एक अट काढून टाकली आणि ती कशासाठी होती ते रात्री दोन वाजता कळलं.

वारसा म्हटलं की आपल्याला किमान दोनशे वर्षं लागतात, प्रगती म्हटलं की या वर्षीचं उद्घाटन. मधली सत्तर वर्षं कुणाचीच नसतात. ल कॉर्बुझिए यांच्या कामांची युनेस्कोने 2016 मध्ये जी यादी केली, तीत भारतातून फक्त चंदीगडचं कॅपिटॉल कॉम्प्लेक्स आहे. अहमदाबादच्या इमारती बाहेरच राहिल्या. स्वतंत्र झालेल्या देशाने आपली घरं, शाळा, कचेऱ्या कशा असाव्यात याचा पहिल्यांदा विचार केला, तो याच मधल्या काळात. उन्हाचं काय करायचं, वाऱ्याचं काय करायचं, पैसे कमी असताना काय करायचं. आज 44 अंशांत काचेचे टॉवर उभे करून एसी लावणाऱ्या आपल्याला हे प्रश्न जुने वाटतात, हीच खरी गंमत.

आणि मी हे कुठल्या तोंडाने बोलतोय? पुण्यात आमची सोसायटी 1978 ची आहे. तीन मजले, जिन्यात सिमेंटच्या जाळ्या, आडवे लांब सज्जे. मे महिन्यातही जिना गार असतो. गेल्या वर्षी रिडेव्हलपमेंटच्या संमतिपत्रावर आई-बाबांसोबत मीही सही केली. वाढीव कार्पेट आणि दोन पार्किंग, एवढंच बघितलं. त्या जाळ्या तिथे का आहेत, हा प्रश्न अठ्ठावीस वर्षं तिथे राहून मला एकदाही पडला नाही. तो पडला आश्रम रोडवर, परगावी, शेवटच्या दिवशी.

म्हणून माझी मागणी साधी आहे. नवं शहर पहिल्या दिवशी बघा, पाय ताजे असताना. ऊन कुठून येतं, पाणी कुठून आणलं, आधी इथे कोण राहत होतं, हे विचारा. जुन्या देवळात गाइडला विचारता तितक्याच आस्थेने विचारा. काही इमारती मग पाडण्याच्याच लायकीच्या निघतील. निघू देत. निदान वाचून पाडल्या जातील.

आमच्या सोसायटीची मीटिंग पुढच्या रविवारी आहे. स्ट्रक्चरल ऑडिट कुणी केलंय का आणि दुरुस्तीला नेमका किती खर्च येईल, हे दोन प्रश्न मी लिहून ठेवलेत. सही केल्यानंतर विचारतोय म्हणून काका-काकू चिडतील. चिडायलाच हवं, मी ते आधी विचारायला हवे होते.