एसीचा गॅस दरवर्षी भरायचा नसतो

ईस्टर उलटला, ऊन तापू लागले की घरोघरून मिस्त्रीला निरोप जातात : एसी नीट गार करीत नाही, येऊन पाहून जा. मिस्त्री येतो, नळीला मीटर लावतो, "गॅस कमी झाला आहे" म्हणतो, भरतो आणि पैसे घेऊन जातो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. हा दरवर्षीचा खर्च बहुतेक घरांत अनावश्यक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शेतकरी बंधु-भगिनींनो, एक गोष्ट आधी ध्यानात घ्या. एसीतला गॅस ट्रॅक्टरमधल्या डिझेलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. खोलीतली उष्णता उचलतो, बाहेरच्या पेटीत नेऊन सोडतो आणि परत येतो. विहिरीवरचा पंप पाणी निर्माण करीत नाही, खालचे वर आणतो. तसाच हा उष्णतेचा पंप. ग्वाल्हेर-इंदूरकडे काही घरांत थंडीसाठी 'हॉट अँड कोल्ड' एसी असतो. त्यातली एक झडप गॅसचा प्रवाह उलटा करते आणि हिवाळ्यात तेच यंत्र बाहेरची उष्णता आत आणते. गॅस तोच आणि तेवढाच.

म्हणून गॅस खरोखरच कमी झाला असेल, तर त्याचा अर्थ एकच : नळी कुठे तरी गळते आहे. शेतातली पाइपलाइन फुटली असता ती न जोडता नुसती टाकी भरत बसणारा शेतकरी आपल्यात सापडणार नाही. मग इथेच आपण गप्प का बसतो? मिस्त्रीला गोडीने पण ठामपणे सांगावे : आधी गळती शोधा, ती बंद करा, व्हॅक्यूम पंपाने नळ्या रिकाम्या करा आणि मग पेटीवरच्या पट्टीवर लिहिले आहे तेवढाच गॅस काट्यावर तोलून भरा. आजच्या पुष्कळ एसींत आर-३२ नावाचा गॅस असतो. तो पेट घेऊ शकतो, म्हणून हे काम शिकलेल्या माणसाचेच आहे. शिवाय हवेत सुटलेला १ किलो आर-३२, शंभर वर्षांच्या हिशेबाने, सुमारे ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी पृथ्वी तापवतो. पाऊसपाण्यावर पोट असणाऱ्यांनी हे विसरू नये.

पण बहुतेक वेळा दोष गॅसचा नसतोच. तो धुळीचा असतो. आपली घरे शेताच्या कडेला. मळणीचा भुसा, पाचट जाळल्याची काजळी, रस्त्याची माती, सारे एसीच्या जाळीवर येऊन बसते. जाळी बुजली की आतल्या थंड नळ्यांवरून हवा पुरेशी वाहत नाही, नळ्यांवर बर्फ धरतो, यंत्र धापा टाकते आणि खोली मात्र गार होत नाही. लक्षणे गॅस कमी झाल्यासारखीच दिसतात. म्हणून मिस्त्रीला बोलावण्यापूर्वी जाळी काढून पाहावी.

ही जाळी काढायला पाना लागत नाही. आधी वीज बंद करावी, पुढचे झाकण उचलावे, जाळ्या ओढून साध्या पाण्याने धुवाव्यात आणि सावलीत पूर्ण वाळवून परत बसवाव्यात. मोसमात दर पंधरा दिवसांनी आणि मळणीच्या दिवसांत दर आठवड्याला हे करावे. फवारणीचा पंप काम झाल्यावर लगेच धुणाऱ्या हातांना हे जड नाही.

बाहेरच्या पेटीला मोकळी हवा हवी. तिला टेकून कडबा, पोती, सरपण रचू नये. वीज बंद ठेवून तिच्या पत्र्यांवर बागेच्या नळीने हलके पाणी सोडावे. फवारणीच्या एचटीपी पंपाचा जोरदार फवारा मारू नये; अ‍ॅल्युमिनियमचे पातळ पत्रे वाकतात आणि हवेची वाट बंद होते. दाब कमी-जास्त होणाऱ्या गावात स्टॅबिलायझर असावा.

आता आरोग्याचे. एसीच्या निचऱ्याचे पाणी बादलीत किंवा कुंडीखाली साचू देऊ नये. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. नळी शेवाळाने तुंबली तर पाणी भिंतीत मुरते, बुरशी धरते आणि दमेकऱ्यांना त्रास होतो. दुसरे असे की, घरातला साधा स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत घेत नाही. खोलीतलीच हवा फिरवतो. घरात कोणाला बरेच दिवस खोकला असेल, तर बंद खोलीत सर्वांना एकत्र झोपवणे धोक्याचे आहे. सकाळ-संध्याकाळ खिडक्या उघडाव्यात आणि खोकला दोन आठवडे राहिला तर थुंकी तपासून घ्यावी. थंडीत बंद खोलीत शेगडी तर कधीच ठेवू नये. तिचा विषारी वायू झोपेतच प्राण घेतो.

कोणी म्हणेल, वर्षाचा देखभालीचा करार केला आहे, मग आम्ही कशाला हात लावावा? करार जरूर असावा. आतल्या नळ्यांची सफाई आणि विजेचे जोड तपासणे हे वर्षातून एकदा जाणकाराकडूनच झाले पाहिजे. पण वर्षातून एकदा येणारा माणूस पंधरा दिवसांची धूळ कशी झाडणार? गुरांचा डॉक्टर आहे म्हणून गोठा झाडायचे आपण सोडत नाही.

विजेचेही तसेच. १ जानेवारी २०२० पासून आपल्या देशात नवे स्टार-लेबलचे एसी सुरू होताना २४ अंशांवर लागतील असा नियम झाला. ते १८ वर उतरवल्याने खोली लवकर गार होत नाही. यंत्र फक्त अधिक वेळ चालते. २४ ते २६ अंश आणि सोबत पंखा, एवढे पुरते.

उन्हाच्या लाटेत म्हाताऱ्या माणसांसाठी एक गार खोली ही आज चैन राहिलेली नाही. पण पोटाला चिमटा घेऊन आणलेली वस्तू दुर्लक्षाने सडवणे परवडणारे नाही. घरातल्या एका मुलाकडे किंवा मुलीकडे जाळीचे काम सोपवावे आणि धुतल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावी. आणि जो मिस्त्री गळती शोधून काम पुरे करील, त्याला दोन पैसे जास्त द्यायला मागेपुढे पाहू नये.