पितळेच्या जिल्ह्यात लिमिट स्विच निवडताना

भंडारा म्हटलं की पितळी भांडी आठवतात. इथल्या कुणी हौशी तरुणानं 300 बाय 180 मिलिमीटरचं छोटं सीएनसी मशीन घरी आणलं, तर पितळेच्या पत्र्यावर नक्षी कोरण्याचा मोह त्याला होणारच. स्पिंडलच्या ताकदीची, टूलच्या धारेची चौकशी तो आधीच करून ठेवतो. सरकता भाग टोकाला पोहोचल्याचं सांगणाऱ्या लिमिट स्विचचं मात्र ‘नंतर बघू’ होतं. स्वस्त किटमध्ये तो अनेकदा नसतोही. असं किट विक्रेत्यांनी विकूच नये.

कारण सरळ आहे. या मशीनमधली स्टेपर मोटर नेमकी कुठे पोहोचली, हे कंट्रोलर पाहत नाही. पाठवलेले पल्स तेवढे मोजतो. वादळवाऱ्यात लाइट गेली की तो हिशेब पुसला जातो आणि अर्धी कोरलेली थाळी तशीच अडकून राहते. होमिंगसाठी हा स्विच असेल, तर लाइट आल्यावर मशीन आपल्या ठरलेल्या कोपऱ्यात परत जातं: आधी वेगानं, मग थोडं मागे सरून अगदी हळू. कामाचा शून्यबिंदू जीआरबीएल या कंट्रोलरमधल्या फर्मवेअरच्या मेमरीत जपलेला असतो, त्यामुळे थाळी जागची हलली नसेल तर काम पुढे नेता येतं.

मग स्विच कोणता घ्यावा? चकचकीत दिसतो म्हणून प्रॉक्सिमिटी सेन्सर घेण्याआधी पितळेचा विचार करायला हवा. लोखंड 4 मिलिमीटरवरून ओळखणाऱ्या इंडक्टिव्ह सेन्सरला पितळ साधारण निम्म्या किंवा त्याहून कमी अंतरावरूनच दिसतं. अ‍ॅल्युमिनियमचंही तेच. हा सेन्सर घ्यायचाच, तर त्याच्यासमोर लोखंडी तुकडा किंवा स्क्रू हवा. सागवान कोरणाऱ्याच्या मशीनवर उघडा ऑप्टिकल सेन्सर नकोच, त्याच्या खाचेत भुसा बसतो. हॉल सेन्सरचं चुंबक लोखंडी कीस ओढून घेतं.

घरगुती मशीनला बंद डबीतला, रोलर असलेला साधा यांत्रिक स्विच पुरतो. सरकत्या भागानं त्याला समोरून धडक देऊ नये, रोलरवरून घसरत पुढे जावं. नाहीतर स्विचच थांबा बनतो आणि तुटतो.

स्विचच्या किमतीपेक्षा वायरिंग महत्त्वाचं, आणि ते एनसी, म्हणजे एरवी बंद असलेल्या संपर्काचंच करावं. वायर तुटली, टर्मिनल सैल झालं, तर एनसी स्विच मशीन थांबवतो. एनओ, म्हणजे एरवी उघडा असलेला स्विच गप्प बसतो आणि बिघाड कळतो तो सरकता भाग आदळल्यावर. जवळच्याच वरठीच्या पोलाद कारखान्यासारख्या ठिकाणी क्रेनवर काम केलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. हुक वर ड्रमला भिडू नये म्हणून तिथे लिमिट स्विच असतोच.

एका अक्षाच्या दोन्ही टोकांचे एनसी स्विच सिरीजमध्ये जोडले की एकच इनपुट पुरतो. जीआरबीएलमध्ये त्यासाठी लिमिट पिन उलटी करण्याची सेटिंग बदलावी लागते. स्विचची वायर स्पिंडलच्या वायरीपासून दूर, शक्यतो शील्ड असलेली घ्यावी. नाहीतर स्पिंडल सुरू होताच खोटे अलार्म येतात, आणि वैतागलेला माणूस हार्ड लिमिटच, म्हणजे स्विच दाबला जाताच मशीन थांबवणारी सेटिंगच, बंद करून टाकतो. खोट्या अलार्मवरचा हा सर्वांत वाईट उपाय.

आणीबाणीचं लाल बटण मात्र वेगळं हवं, ते थेट वीज तोडणारं असावं.

सगळं बसवून झालं की स्पिंडल बंद ठेवून, हार्ड लिमिट चालू करून, एकेका स्विचची वायर काढून पाहावी. प्रत्येक वेळी अलार्म आला, तरच पितळेचा पहिला पत्रा टेबलावर आवळावा.