मोटारसायकलस्वाराचे खांदे

मोटारसायकलवरून नित्य लांबचा प्रवास करणाऱ्या मंडळींची एक तक्रार आमच्या कानी वारंवार येते. कंबर ठीक असते, गुडघेही ठीक असतात. परंतु तासाभराने मानेच्या बुडाशी आणि पाठीवरील दोन्ही पात्यांच्या मधोमध असा काही ठणका लागतो की, घरी पोहोचल्यावर सदरा काढण्यासाठी हात वर करणेही नकोसे होते. बेळगावहून जांबोटी-चोर्ला मार्गे गोव्यास जा-ये करणारे असोत, खानापूर तालुक्यातील खेड्यांच्या शाळांवर जाणारे शिक्षक असोत, की पिवळ्या मडगार्डाच्या मोटारसायकलवर दिवसभर उतारू नेणारे गोव्यातील ‘पायलट’ असोत, दुखण्याची जागा बहुधा तीच. यांत पायलटाची अडचण सर्वांत मोठी. खांदा धरला म्हणून चार दिवस गाडी घरी ठेवावी, तर चार दिवसांची मिळकत बुडते. म्हणून तो दुखणे अंगावर काढतो. मग मान वळेनाशी होते, आणि मागून येणारे वाहन पाहण्यासाठी मान न वळविणारा स्वार स्वतःसह मागे बसलेल्याचाही जीव धोक्यात घालतो.

या दुखण्यावर घरोघरी होणारा उपचार म्हणजे मलम. मलम चोळण्यास आमची हरकत नाही. त्याने घटकाभर बरे वाटते. परंतु दुसऱ्या दिवशी त्याच गाडीवर तसेच बसावयाचे असेल, तर बाटलीमागून बाटली संपण्याखेरीज काय होणार? या दुखण्याचे मूळ पुष्कळदा शरीरात कमी व बसण्याच्या रीतीत अधिक असते, असे आमचे मत आहे.

हात हे गाडी वळविण्यासाठी आहेत, शरीराचा भार पेलण्यासाठी नव्हेत. स्वार पुढे रेलला की छातीचा व डोक्याचा भार मनगटांवर येतो, कोपरे ताठ होतात आणि खांदे नकळत कानांकडे चढतात. मानेपासून खांद्यापर्यंत व खाली पाठीवर पसरलेला ट्रॅपेझियस नावाचा जो रुंद स्नायू आहे, तो मग सारखा आखडलेला राहतो. चालताना स्नायू आळीपाळीने आवळतात व सैल होतात, आणि त्यामुळे त्यांतून रक्त खेळते राहते. सतत आवळलेल्या स्नायूत मात्र रक्त पुरेसे पोहोचत नाही, शिणवटा साठत जातो आणि ठणका सुरू होतो. ताठ कोपरांचा आणखी एक दोष असा की, रस्त्यावरील प्रत्येक खड्ड्याचा हादरा हँडलावरून थेट खांद्यात जातो.

आपला भार हातांवर आहे की नाही, हे ताडून पाहणे अगदी सोपे आहे. गाडी मोठ्या स्टँडवर लावावी, तीवर बसून डोळे मिटावे, खांदे सैल सोडावे आणि दोन्ही हात सहज पुढे न्यावे. हात जेथे येतील तेथे, किंवा त्याच्या अगदी जवळ, हँडलाच्या मुठी असाव्यात. त्या गाठण्यासाठी पुढे वाकावे लागत असेल, तर दुखण्याचे कारण सापडले असे समजावे. रस्त्यावरची खूण निराळी आहे. सरळ व मोकळ्या रस्त्यावर, मुठी न सोडता, पेटी वाजविणाऱ्याप्रमाणे बोटे हलकेच हलविता आली पाहिजेत. तेवढ्यानेही तोल जाईल असे वाटत असेल, तर हात भलतेच काम करीत आहेत.

भार हातांवरून काढावयाचा तर तो कोठे न्यावयाचा? बैठकीवर, पायांवर आणि पोटाच्या स्नायूंवर. गुडघ्यांनी पेट्रोलची टाकी हलकेच धरावी. कोपरे किंचित वाकलेली असावीत. हे घाटात विशेष ध्यानी धरावे. चोर्ल्याचा घाट उतरताना प्रत्येक ब्रेकला शरीर पुढे लोटले जाते, आणि पावसाळ्यात, धुक्यात व निसरड्या वळणांवर भीतीने मुठी अधिकच आवळल्या जातात. अशा वेळी टाकीला लावलेले गुडघे हाच स्वाराचा खरा आधार. गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून इंजिनाच्या ओढीने वेग आवरला की ब्रेकही कमी लागतात आणि मनगटांनाही विसावा मिळतो.

आता गाडीकडे वळू. पुष्कळ साध्या गाड्यांचे नळीचे हँडल क्लँपचे बोल्ट सैल करून थोडे स्वतःकडे फिरविता येते. ते फिरविल्यावर हँडल दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून वायरी ताणत नाहीत ना, हे पाहावे आणि बोल्ट नीट आवळावे. क्लच व ब्रेकचे लिव्हर असे बसवावे की, त्यांवर बोटे ठेवली असता बोटे, मनगट व कोपरापर्यंतचा हात एका रेषेत येतील. क्लचची वायर सुकून जड झाली असेल, तर शहरातील गर्दीत डावा खांदा आधी बोलू लागतो. तेल देऊन किंवा वायर बदलून हे काम थोडक्यात भागते. कोनसेट फार आवळलेला असला की हँडल जड वळते, आणि गाडी कधी पडलेली असल्यास हँडल एका बाजूस वाकलेले राहते. एकाच खांद्याचे दुखणे असेल तर मिस्त्रीकडून हे अवश्य तपासून घ्यावे. चाकांतील हवा व शॉकअप यांकडेही त्याने पाहावे. तरुण मंडळी हौसेने ठेंगणे हँडल बसवितात. रविवारच्या फेरफटक्यापुरते ते शोभते, परंतु रोज पन्नास किलोमीटर जाणाऱ्याने ती हौस आवरलेली बरी.

वारा हाही एक ओझेच आहे. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. चाळीसच्या वेगाला न जाणवणारा वारा ऐंशीला छाती मागे ढकलतो आणि स्वार हातांनी हँडल ओढून धरतो. डोके मुळातच साडेचार-पाच किलोचे, त्यावर सव्वा-दीड किलोचे हेल्मेट. मान दुखते म्हणून हेल्मेट घरी ठेवण्याचा शहाणपणा मात्र कोणी करू नये. कायद्याचीही त्यास मुभा नाही. ढिले हेल्मेट वाऱ्याने मागे ओढले जाते व मानेला ताण देते, म्हणून ते नीट बसणारे, आय.एस.आय. शिक्क्याचे घ्यावे. पाठीवरची जड पिशवी खांद्यांवरून काढून मागे कॅरिअरला बांधावी. मागे बसणाऱ्यानेही स्वाराच्या पाठीवर रेलू नये. त्याचा भार शेवटी स्वाराच्या मनगटांवरच येतो.

स्कूटर चालविणाऱ्या आमच्या भगिनींना टाकीचा आधार नाही. त्यांनी बैठकीवर थोडे पुढे सरकून, दोन्ही पावले फळीवर सपाट ठेवून पाठ सरळ ठेवावी. खांद्याची पर्सही तेथील आकड्याला लावावी.

तासाभराने गाडी थांबवून दहा मिनिटे उतरावे. खांदे कानांपर्यंत उचलून एकदम सैल सोडावे, पाठीवरील पाती पाच सेकंद एकमेकींकडे आवळावी, हनुवटी सरळ मागे घ्यावी. प्रत्येक क्रिया आठ-दहा वेळा. घरी दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकून छाती पुढे नेल्यास छातीचे आखडलेले स्नायू मोकळे होतात. रात्री गरम पाण्याच्या पिशवीचा शेक घ्यावा. वेदनाशामक गोळ्या मात्र रोजच्या करू नयेत. त्यांपैकी पुष्कळ पोटास व मूत्रपिंडास अपाय करतात.

काही लक्षणांना घरगुती उपाय नव्हे, तर डॉक्टरच हवा. हातात मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा येणे, झोपेतही वेदना न थांबणे, दुखण्याबरोबर ताप येणे, पडल्यानंतर दुखू लागणे, ही अशी लक्षणे होत. आणि खांदा किंवा डावा हात दुखत असताना छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल, तर ते हृदयाचे दुखणे असू शकते. अशा वेळी स्वतः गाडी चालवीत न जाता ताबडतोब दुसऱ्याकडून रुग्णालयात पोहोचते व्हावे.

तसे काही नसेल, तर या रविवारी पाना घेऊन हँडलापासून आरंभ करावा. एका वेळी एकच बदल करावा आणि आठवडाभर गाडी चालवून पाहावी. सर्व बोल्ट एकदम फिरविले, तर कशाने गुण आला हे कळावयाचे नाही. जुन्या ठणक्याला उतरावयास काही आठवडेही लागतात.