कपाशीचे बियाणे घेताना विचारावयाचा प्रश्न



मृग जवळ आला की दापोऱ्यात एक प्रश्न हमखास कानी येतो : "फादर, यंदा कपाशीचं कोणतं बियाणं घेऊ? कीड न लागणारं सांगा." माझ्या मते हा प्रश्नच बदलला पाहिजे. कोणतीच कीड लागत नाही असे वाण नसते. अमुक एका किडीला तोंड देणारे वाण असते. तेव्हा दुकानात विचारावे : "हे कोणत्या किडीला टिकते?"

तुडतुड्यांचेच पाहा. मादी पानाच्या शिरेत अंडी घालते. पानावर दाट व लांब लव असली की तिला ते अवघड जाते, म्हणून लवदार वाणावर तुडतुडे कमी पडतात. पण गुळगुळीत पानापेक्षा लवदार पान पांढऱ्या माशीला अधिक मानवते. जुनी देशी कपाशी रस शोषणाऱ्या किडींपुढे चांगली टिकते. परंतु तिचा धागा आखूड असतो आणि बोंडअळी तिलाही लागते.

बीटी कपाशीला आपल्या देशात २००२ साली परवानगी मिळाली. तिच्यातील विष बोंडअळीसाठी आहे. तुडतुडे, मावा, पांढरी माशी यांचे त्याने काहीच बिघडत नाही. २००६ मध्ये दोन जनुकांचे बियाणे आले. तरी शेंदरी बोंडअळीने तेही पचवले, आणि २०१७ साली महाराष्ट्रात तिने मोठे नुकसान केले.

यात बियाण्याचाच सारा दोष नाही. बीटीच्या पिशवीबरोबर साध्या बियाण्याची १२० ग्रॅमची पुडी येत असे. तिच्या झाडांवर वाढलेले पतंग विष पचवणाऱ्या पतंगांशी जुळावेत आणि त्यांच्या पिलावळीवर विषाचा परिणाम होत राहावा, हा हेतू होता. पुष्कळांनी ती पुडी फेकून दिली. वर चार मण जादा कापसासाठी फरदड ठेवली आणि अळीला बारमाही घर दिले.

याचा संबंध आरोग्याशीही आहे. २०१७ मध्येच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर दगावले. 'कीड लागणार नाही' या भरवशावर राहून कीड दिसताच घाबऱ्याघाबऱ्या दोन-तीन औषधे एकत्र करून मारणे जिवावर बेतते. शेंदरी अळी एकदा बोंडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोहोचतही नाही.

म्हणून माझे सांगणे असे. कोरडवाहू रानात लवदार पानाचे, लवकर येणारे वाण घ्यावे. पानामागे सरासरी दोन तुडतुडे दिसेपर्यंत पंपाला हात लावू नये. फुले लागताच एकरी दोन कामगंध सापळे लावावेत आणि डोमकळ्या तोडून नष्ट कराव्यात. डिसेंबरअखेर पीक काढून पऱ्हाट्यांची विल्हेवाट लावावी. बांधावर रचलेल्या पऱ्हाट्यांत पुढच्या वर्षीची अळी झोपलेली असते. आणि हे साऱ्या शिवाराने मिळून करावे, कारण पतंगाला शेजाऱ्याचा बांध ठाऊक नसतो.

वाणाचा गुण विकत मितो हे खरे. पण तो टिकवणे आपल्याच हाती आहे.