पाठ द्या, पण शिक्षकही द्या!

आरक्षणाने वैद्यकीय महाविद्यालयाचे दार उघडले. आत मात्र इंग्रजीची भिंत उभी आहे. मराठी माध्यमातून आलेली आमची मुले-मुली शरीररचनाशास्त्राच्या पहिल्याच तासाला बावरतात. दिल्लीच्या 'एम्स'मध्ये दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना मिळणारी दुजाभावाची वागणूक थोरात समितीने २००७ मध्येच उघड केली. अशा वेळी ऑनलाईन पाठ उपयोगी पडतात. ते जात विचारत नाहीत, दहादा ऐकले तरी हसत नाहीत. परंतु अडलेली शंकाही सोडवत नाहीत! म्हणून आमची मागणी आहे : नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने मराठी समजावणीचे मोफत पाठ द्यावेत, महाविद्यालयांनी वसतिगृहात संगणक आणि शंकानिरसनाचा हक्काचा तास द्यावा. आपल्यातील डॉक्टर-परिचारिकांनीही आठवड्यातला एक तास या मुलांना द्यावा. समाजाचे ऋण असेच फिटते.