जनावरच की ते!

दावणीची म्हैस गेली किंवा अंगणातला कुत्रा मेला, की सांत्वनाला दोन प्रकारची माणसे येतात. पहिली म्हणतात, "जनावरच की ते! माणसं वाचली हे काय कमी?" दुसरी, त्यांत आम्हां धर्मगुरूंचा भरणा अधिक, रडणाऱ्या पोराला सांगतात, "तुझा मोत्या स्वर्गात तुझी वाट पाहतोय." दोन्ही बोलण्यांविरुद्ध आमची तक्रार आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या महापुराने शिरोळ तालुका वेढला. कुरुंदवाडसारख्या नदीकाठच्या गावांतून माणसे बोटींतून बाहेर पडली. गुरे सर्वांनाच नेता आली नाहीत. पाणी ओसरल्यावर पंचनामे झाले. केंद्राच्या तेव्हाच्या आपत्ती-निकषांत दुभत्या म्हशीला ३०,००० रुपये, ओढकामाच्या बैलाला २५,०००, शेळीला ३,००० असा दर होता. कुत्र्याला रकानाच नव्हता. सरकारला आम्ही दोष देत नाही. पंचनाम्याचे काम किंमत मोजण्याचे. परंतु बेंदराला ज्याची शिंगे रंगवली, ज्याला पोळी भरवली, त्या बैलाविषयी शेजाऱ्यांनीही रकान्याच्याच भाषेत बोलावे?

पवित्र शास्त्राची भाषा ही नव्हे. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली. ती त्याच्या घासातला घास खाई, त्याच्या उराशी निजे, त्याला लेकीसारखी होती. धनवंताने ती कापली हे ऐकून दावीद संतापला; "मेंढीच की ती" असे म्हणाला नाही. निनवेची कीव करताना देव माणसांपाठोपाठ गुराढोरांचेही नाव घेतो आणि योनाचा ग्रंथ तेथेच संपतो. तोबियाबरोबर प्रवासाला त्याचा कुत्राही निघतो. (प्रॉटेस्टंट बंधूंच्या बायबलमध्ये तो ग्रंथ नाही, निदान आपण तरी त्या कुत्र्याला विसरू नये.)

आता स्वर्गाविषयी. पशूचा आत्मा देहाबरोबर संपतो, हे संत थॉमस अक्विनासचे मत आम्ही सेमिनरीत शिकलो. रडणाऱ्याला ते ऐकवण्याची गरज नाही. पण त्याच्या उलट हमी देण्याचा अधिकार तरी आम्हांला कोणी दिला? २०१४ च्या अखेरीस पोप फ्रान्सिस यांनी जनावरांना स्वर्ग खुला केल्याची बातमी जगभर झळकली. ते उद्गार त्यांचे नव्हतेच. वृत्तपत्रांना दुरुस्ती छापावी लागली. 'लौदातो सी' या २०१५ च्या परिपत्रकात, शाश्वत जीवनात प्रत्येक सृष्ट वस्तूला रूपांतरित होऊन आपले स्थान लाभेल, असे त्यांनी जरूर लिहिले. ते समग्र सृष्टीविषयीचे बोलणे आहे, मोत्याच्या भेटीचा वायदा नव्हे. पोर उद्या मोठे होईल आणि विचारील, "फादर, आजोबांविषयी सांगितलंत तेही असंच होतं का?" तेव्हा आम्ही काय उत्तर देणार आहोत? घटकाभराच्या समाधानासाठी पुनरुत्थानावरील श्रद्धा अशी उधळून टाकणे आम्हांला परवडणारे नाही.

मग बोलावे काय? थोडे. "आक्का, वाईट झालं. किती वर्षं होती तुमच्याकडं? कुठल्या हाकेला यायची?" एवढे विचारून ऐकत बसावे. एकट्या विधवेची दिवसाची पहिली हाक अनेकदा म्हशीलाच असते. भेटीला जायचे तर सांजेला, धारेच्या वेळी जावे. तेव्हा तिचे हात रिकामे असतात. आणि दहा दिवसांचे दुधाचे बिल थांबल्यावर घरात काय शिजते आहे, तेही पाहून यावे.