डीएनए ‘मॅच’ आला. पण नाते नेमके कोणते?

समजा, दारव्ह्यातल्या कुणी थुंकीचा नमुना पाठवला आणि अ‍ॅपने अमेरिकेतली ‘थर्ड कझिन’ दाखवली. दोघांचे खापरपणजोबा एकच, असे लगेच धरू नका.

कंपनी दोघांत सारख्या असलेल्या डीएनए तुकड्यांची लांबी सेंटिमॉर्गनमध्ये मोजते. सख्ख्या चुलत भावंडांत ती साधारण 850, तर खापरपणजोबा एक असतील तर सरासरी 75च्या आसपास. नाते हा त्यावरून बांधलेला अंदाज.

आपल्याकडे तो फसतो. पिढ्यान्‌पिढ्या जातीतच सोयरिक, त्यात मामाची मुलगी करण्याची रीत. एकच पूर्वज दोन-चार वाटांनी आला की आकडा फुगतो आणि दूरचे नाते जवळचे दिसते. कोकणातल्या बेने इस्रायली समाजावरच्या 2016च्या अभ्यासातही आपसातल्या लग्नांची ही खूण दिसली.

म्हणून एकूण बेरजेआधी सर्वांत लांब तुकडा बघा. बारीक तुकडेच खूप असतील तर नाते बहुधा जुने. आणि नाव? ते डीएनए सांगत नाही. त्यासाठी जुने कोतवाल बुक आणि शाळेचे दाखल-खारीज रजिस्टरच काढावे लागते. वंशावळीत ‘मॅच’चे नाव चढवायचे ते त्यानंतर.